पेवाची माती

‘पेव फुटलं’ असं आपण सहज म्हणतो. पण पेव करतात कशाचं, हे सांगताना हल्लीची मुलं अडखळतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. त्यांना वीट नाही, चुना नाही. कृष्णाकाठची घट्ट, चिवट माती हीच भिंत. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून शेणानं सारवायचं, तळाला नि कडेला उसाचा पाला, चटया लावायच्या, म्हणजे माल मातीला टेकत नाही. तोंड लिंपलं की हवा बंद. कीड गुदमरते, माल टिकतो.

पण जी हवा किडीला मारते ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू द्यावी, मग कंदील सोडून पाहावा. विझला तर उतरूच नये. जळत राहिला तरी कमरेला दोर आणि वर माणसं हवीतच. आत एक पडला म्हणून दुसरा तसाच धावतो, नि दोघेही जातात.

माती झिरपणारं पाणी अडवते, महापूर नव्हे. २००५ साली कृष्णेचा पूर चढला आणि कित्येक पेवं निकामी झाली. गुरुजनहो, मातीचा गुण सांगाल तेव्हा तिची मर्यादाही मुलांना सांगा.