उभी गाडी थरथरते तेव्हा

लांज्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर बाप्यांचा विषय. पण आपल्या तालुक्यात किती गटांकडे आता स्वतःची जुनी गाडी आहे ते बघा. कुणी काजूगर नेतं, कुणी आमसुलं, आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ. गाडी गटाची, हप्ता गटाचा, पेट्रोलचा खर्च गटाच्या वहीत. मग तिचं दुखणंही गटाचंच झालं.

आज फक्त एकाच दुखण्याबद्दल बोलू. गाडी चालत असताना ठीक, पण थांबली, गिअर काढला, पाय अ‍ॅक्सिलेटरवरून उचलला की थरथरते. आवाज वर-खाली होतो, कधी भसकन बंदच पडते. मेस्त्री याला ‘स्लो बिघडला’ म्हणतात.

आमच्या गटाकडे जुनी मारुती व्हॅन आहे, ओम्नी. १९८४ साली ही गाडी बाजारात आली, १९८८ला तिला ओम्नी नाव मिळालं आणि २०१९ला ती बनायची थांबली. म्हणजे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी वापरलेली, बऱ्याच तर वीस-वीस वर्षांच्या. आमची अशीच जुनी. गेल्या आगोटीच्या दिवसांत ती हातखंब्याच्या तिठ्यावर बंद पडायला लागली. मग आंजणारी घाटात, समोर ट्रक थांबला म्हणून थांबली, तिथेही बंद. मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न.

गाडी चालवते आमचीच एक ताई. लायसन रीतसर काढलंय, दोन वर्षं रत्नागिरीच्या फेऱ्या करतेय. पण गाडी बंद पडली की लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘बाईला क्लच सोडायला जमत नाही.’ गटाच्या बैठकीतही विषय निघाला, पगारी ड्रायव्हर ठेवूया का? महिन्याचा पगार काढला असता तर फेरीचा नफा संपला असता, आणि ताईचं स्टिअरिंग सुटलं असतं ते वेगळंच. एका गॅरेजवाल्याने तर इंजिन उघडायला सांगितलं, अठरा हजारांचा अंदाज दिला. एवढे पैसे म्हणजे आमच्या अंतर्गत कर्जाची जवळजवळ सगळी रक्कम. म्हणून आम्ही ठरवलं, आधी दुखणं समजून घेऊ, मग पैसे काढू.

आता समजून घ्या, पाय सोडल्यावरच गाडी का बिघडते. गॅसची शेगडी मोठी करा आणि खिडकी उघडा, वाऱ्याने काही होत नाही. तीच मंद आचेवर ठेवा, जरा झुळूक आली की ज्योत फडफडते, विझतेसुद्धा. इंजिनाचंही तसंच. अ‍ॅक्सिलेटर दाबलेला असताना हवा आणि पेट्रोल भरपूर जात असतं, तेव्हा कुठून चमचाभर हवा जास्त शिरली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. पाय काढला की हवेची झडप जवळजवळ बंद होते, आत थोडीशीच हवा जाते. तेव्हा एखाद्या फुटक्या नळीतून शिरलेली हवा फार ठरते. शिवाय झडप बंद असताना इंजिन आतून जोराने ओढत असतं, त्यामुळे बारीक चीरसुद्धा हवा खेचून घेते.

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. चारातला एक रुसला तर तीन उरतात, तिनातला एक रुसला तर दोनच. म्हणून ही गाडी जास्त हादरते. त्यात इंजिन पुढच्या सीटच्या खाली, सगळी थरथर थेट चालवणारीच्या पाठीत.

पहिलं काम वहीचं. ताईने आठ दिवस लिहून ठेवलं की गाडी कधी बिघडते. सकाळी थंड असताना की तापल्यावर? दिवे लावल्यावर? पाऊस पडून गेल्यावर, गाडी धुतल्यावर? ब्रेक दाबल्यावर? हे लिहिलेलं असलं की अर्धा शोध संपतो. फक्त पावसात बिघडत असेल तर वायर, प्लग, डिस्ट्रिब्युटरची टोपी यांच्यात ओल शिरलीय का बघा. आपल्या कोकणात हे फार होतं. इंजिन बंद करून टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसायची, चीर असेल तर बदलायची. ब्रेक दाबताना आवाज बदलत असेल तर ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे तिची बूस्टरकडे जाणारी नळी तपासायची. आमच्या वहीत दिसलं की गाडी तापलेली असो की थंड, पाऊस असो की ऊन, उभी राहिली की रोज तेच. म्हणजे ओलीचं कारण मागे पडलं.

सीट उचलण्याआधी थोडं ऐका. गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही आणि माणूस गुंगून पडतं. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा, बांगड्या उतरवा. फिरत्या पट्ट्याजवळ हात नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी इंजिन बंद करून गळती शोधा.

मग आम्ही काय केलं? हातभर लांब रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनावरच्या एकेका बारीक नळीजवळ फिरवत गेलो. एका ठिकाणी बारीक ‘सूं’ असा आवाज, सापाच्या फुत्कारासारखा. नळी वरून चांगली दिसत होती. वाकवली तर खालच्या बाजूला, जोडाशी, नखाएवढी चीर. बोटाने दाबून धरली आणि इंजिन एकदम शांत झालं! आमची एक आजी सदस्य बाजूला उभी होती, ती म्हणाली, ‘अगो, हिला दम लागत होता की!’

नवी नळी दीडशे रुपयांच्या आत आली. अर्थात प्रत्येक गाडीचं दुखणं नळीचंच असेल असं नाही. पण रबर जुनं झालं की कडक होतं, तडकतं, यात कंपनीचा दोष काढून उपयोग नाही. उंदीरही कुरतडतात. नवी नळी घेताना व्हॅक्यूमची किंवा पेट्रोलचीच मागा. बागेला पाणी घालायची नळी कापून लावायची नाही. ती उष्णतेने मऊ होऊन आतल्या ओढीने चपटी होते.

नळ्या ठीक असतील तर पुढे एअर फिल्टर, मग प्लग. महामार्गाच्या कामाची धूळ तुम्ही रोज बघता, फिल्टर उन्हात धरा, उजेड दिसला पाहिजे. प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळं, काजळी बसलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढरंफटक असेल तर हवा जास्त. तेलकट ओलं असेल तर इंजिनातलं ऑइल वर येतंय, तिथे मेस्त्री हवा. तिन्ही प्लग क्रमाने फळीवर ठेवा. एकच वेगळा दिसला तर दुखणं त्या एकाच सिलिंडरचं. चालू इंजिनावर प्लगची वायर मात्र कुणी ओढू नका, जबर झटका बसतो. ती चाचणी मेस्त्रीला करू द्या.

आता जुन्या गाड्यांत दोन जाती. आधीच्यांना कार्बोरेटर, नंतरच्यांना एमपीएफआय. कार्बोरेटरच्या गाडीत गळती असेल तर मिश्रण पातळ होऊन इंजिन लटपटतं, मरतं. स्लोचं बारीक जेट कचऱ्याने बुजलं तरी हीच खूण. काही कार्बोरेटरवर विजेवर चालणारी पेट्रोलची बारीक झडप असते, तिची वायर सैल झाली तरी गाडी उभी राहताच बंद. एमपीएफआयच्या गाडीत बऱ्याचदा आवाज झोपाळ्यासारखा वर-खाली होतो, कारण गाडीतला संगणक चूक भरून काढायला बघतो आणि पुन्हा चुकतो. तिथे थ्रॉटल बॉडी आणि स्लो सांभाळणारा व्हॉल्व काजळीने माखलेला असू शकतो. साफ केल्यावर सुरुवातीला स्लो जरा विचित्र राहिला तर घाबरू नका, थोडी चालवल्यावर बसतो. पिवळा इंजिनाचा दिवा पेटत असेल तर आधी स्कॅनर लावायला सांगा, अंदाजाने सेन्सर बदलू देऊ नका.

एक गोष्ट आम्हाला अजिबात पटत नाही. गाडी बंद पडते म्हटलं की काही जण पेचकस घेऊन स्लोचा स्क्रू पिळून देतात. गाडी मग बंद पडत नाही, पण दुखणं आतच राहतं, पेट्रोल वाढतं आणि उतारावर पाय काढला तरी गाडी पुढे ढकलत राहते. ताप न बघता गोळी देण्यासारखंच ते. स्क्रू शेवटी, बाकी सगळं नीट झाल्यावर फिरवायचा.

पेट्रोलचंही थोडं. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवणाऱ्या गटांनी टाकीत जुनं पेट्रोल साठवू नये, आणि पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा हाताने चाचपाव्यात.

घाटात गाडी बंद पडलीच तर काय, हे ताईकडून आम्ही सगळ्यांनी शिकून घेतलं. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद झाल्यावर ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर जड होतो. तो चालतो, पण पाय जोरात दाबावा लागतो. पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच दाबून धरायचा, हँडब्रेक ओढायचा, धोक्याचे दिवे लावायचे, मग चावी.

आणि हे सगळं करूनही थरथर राहिली, मेस्त्री म्हणाला इंजिन उघडावं लागेल, तर त्याला सांगा, आधी कॉम्प्रेशन मोजा. तीन सिलिंडरचे तीन आकडे आमच्या वहीत लिहून द्या. तिन्ही पुरेसे आणि जवळजवळ सारखे असतील तर स्लोसाठी इंजिन उघडायची घाई नाही, आधी टॅपेट तपासून घ्या. एकच फार कमी असेल तर त्याचं म्हणणं खरं असू शकतं, मग दुसरीकडेही मोजून घ्या. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, बिलासोबत पिशवीत ठेवा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा. आमची ती चिरलेली नळी अजून कपाटात आहे, हिशोबाच्या वहीशेजारी.