हळद, शिसे आणि कामगार



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि रद्दीतल्या पुस्तकांत झाले. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, त्याला कारण आहे.

तरुणपणी आम्ही बॅटऱ्यांच्या एका कारखान्यात संघटना बांधीत होतो. शिसे वितळविण्याच्या भट्टीवर धूर ओढून नेणारा पंखा आम्ही मागितला. मालकाने प्रत्येकास गुळाचा खडा आणि हळदीचे दूध देऊ केले. आम्ही दूध प्यालो आणि गप्प बसलो. पुढे आमच्या एका सोबत्याच्या मनगटातले बळ गेले. ते गप्प बसणे आम्हांला अजून सलते.

शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. कॅल्शियमचे सोंग घेऊन ते हाडांत शिरते व वर्षानुवर्षे तेथे राहते. रक्तातील लाल द्रव्य तयार होण्याचे काम ते अडविते. पेशीचा ग्लुटाथिऑन नावाचा राखणदार खर्ची पडतो आणि लोखंड गंजावे तशी पेशी झिजू लागते.

हळदीला पिवळा रंग देणारे कुर्क्युमिन ही झीज कमी करते, असे प्रयोगशाळेत उंदरांवर दिसून आले आहे. आपल्या कोकमाच्या सालीतील गार्सिनॉलही असा गंज रोखणाऱ्या द्रव्यांपैकीच. परंतु खाल्लेल्या हळदीतले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. प्रयोगातली मात्रा आणि आमटीतली चिमूट यांत महदंतर आहे.

आणि थट्टा अशी की, कधी हळदच शिसे घरात आणते! बांगलादेशात ती पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट हा शिशाचा रंग लावीत. २०१९ साली तेथील बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केले. २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. आपल्याकडे पेट्रोलातले शिसे २००० साली गेले, तेही कायद्यानेच.

तेव्हा सोलकढी आवडीने प्या. नाचणी, पालेभाजी पोटभर खा. शरीरात लोह व कॅल्शियम पुरेसे असले की शिसे कमी मुरते. पण मुंबई-पुण्यास भट्टीवर, रंगकामावर गेलेल्या आपल्या मुलांना आधी हे सांगा : पंखा मागा, रक्त तपासून घ्या, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, कामाचे कपडे घरी आणू नका. आणि कोणी पंख्याऐवजी दूध पुढे केले, तर दूध घ्या. मागणी मात्र सोडू नका.