स्पॅनिश भाषेतील भूतकालवाचक धातुसाधित



'तो प्यालेला आहे' असे म्हटले की काय प्याला, हे आपण विचारीत नाही. ताक पिऊन आलेल्याला कुणी प्यालेला म्हणत नाही. हजारो मैल दूर स्पेन देशातही नेमके असेच आहे. 'बेबेर' म्हणजे पिणे, त्यापासून 'बेबीदो', आणि त्याचाही अर्थ झिंगलेला! तसाच 'लेईदो', शब्दशः वाचलेला, म्हणजे पुष्कळ वाचन केलेला माणूस. आपण 'शिकलेला' म्हणतो, त्याच घडणीचा. (मराठीत 'वाचलेला माणूस' म्हणाल, तर तो पुरातून वाचलेला ठरेल, ते सोडा.)

हे रूप बनवायला सोपे. धातू 'आर'ने संपला तर 'आदो', 'एर' किंवा 'ईर'ने संपला तर 'ईदो'. आब्लार, बोलणे, त्याचे आब्लादो. कोमेर, खाणे, त्याचे कोमीदो. रोजच्या वापरातले काही धातू मात्र वाकडे चालतात. एस्क्रिबीर, लिहिणे, त्याचे एस्क्रीतो. मोरीर, मरणे, त्याचे मुएर्तो. ही रूपे पाठच करावी लागतात. मुएर्तो ऐकून आपला 'मृत' आठवला ना? दोन्हींचा धातू मुळात एकच.

मराठी माणूस अडतो तो पुढे. आपण पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली, चिठ्ठ्या लिहिल्या असे कर्मामागे क्रियापद फिरवतो. स्पॅनिशमध्ये 'आबेर' या साहाय्यक क्रियापदाबरोबर हे रूप मुळीच हलत नाही. 'ए एस्क्रीतो दोस कार्तास', मी दोन पत्रे लिहिली आहेत. कार्तास स्त्रीलिंगी, अनेकवचनी, तरी एस्क्रीतो तसेच. आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडी तिथे 'एस्क्रीतास' येते. गुरुजनहो, त्याला फार रागावू नका. बाराव्या-तेराव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये असा मेळ खरोखरच चालत असे, पुढे तो गेला. 'तेनेर', म्हणजे जवळ असणे, या क्रियापदाबरोबर तो आजही आहे. 'तेंगो एस्क्रीतास दोस कार्तास', माझी दोन पत्रे लिहून तयार आहेत.

आता 'असणे'. स्पॅनिशमध्ये त्याला दोन क्रियापदे, सेर आणि एस्तार. 'ला पुएर्ता फुए आबिएर्ता' यात सेर आहे. अर्थ, दार उघडले गेले, कुणीतरी उघडले. 'ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता' यात एस्तार. अर्थ, दार उघडे आहे. कुणी उघडले, याच्याशी कर्तव्य नाही. दोन्हीकडे आबिएर्ता हे दारामागे, म्हणजे स्त्रीलिंगी, चालते. पुष्कळ पुस्तके सांगतात की एस्तार हे तात्पुरत्या गोष्टींसाठी. मला हा नियम पटत नाही. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि मरणासारखे कायमचे दुसरे काय आहे? घडून गेलेल्या क्रियेची मागे उरलेली स्थिती एस्तार दाखवते, असे शिकवावे.

हा फरक चुकला तर फजिती होते. 'एस्तोय आबुर्रीदो', मी कंटाळलो आहे. त्याऐवजी 'सोय आबुर्रीदो' लिहिलेत, तर तुम्ही स्वतःलाच कंटाळवाणा माणूस म्हणून बसाल.

कधी हे रूप सरळ नाम होते. कोमीदा म्हणजे जेवण, एलादो, म्हणजे गोठवलेले, ते आइस्क्रीम. सर्वांत गमतीचा मासा. पाण्यात पोहतो तोवर तो 'पेथ'. जाळ्यात सापडून बाजारच्या टोपलीत आला की 'पेस्कादो', म्हणजे धरलेला.