एका कॅसेटला पंधरा तास?

(मंडळाच्या घरगुती बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



कार्यकारिणीने मला "काहीतरी उपयोगाचं बोल आणि वीस मिनिटांत आटप" अशी आज्ञा केली आहे. माझ्यानंतर बटाटेवडे आहेत, त्यामुळे दुसरी अट मी जास्त गांभीर्याने घेतली आहे. मी शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. म्हणजे लोकांच्या सिस्टिम्स हळू का चालतात ते शोधायचं आणि त्याचं बिल पाठवायचं. आज बिल नाही.

गेल्या वर्ष-दीड वर्षात मंडळातल्या चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न आला. "अरे, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्यात, पण त्याची छोटी फाइल करायला घेतली की मशीन रात्रभर घरघरत बसतं. सकाळी बघावं तर निम्मंसुद्धा झालेलं नाही. नवीन कॉम्प्युटर घेऊ का?" माझं उत्तर दर वेळी एकच: घ्यायचा तर घ्या, पण आधी दुखणं काय आहे ते बघू. डॉक्टरसुद्धा नाडी बघितल्याशिवाय ऑपरेशन सांगत नाही!

दोन कामं, दोन वेग

आपल्या प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये किंवा क्लॉझेटमध्ये एक खोका आहे. त्यात व्हीएचएस आहेत, हाय-एट आहेत, १९९५ नंतर आलेल्या मिनी-डीव्ही आहेत. कुणाची मुंज, कुणाचं बारसं, पुण्याहून आलेली लग्नाची कॅसेट, आजी पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा बर्फात साडीवर जॅकेट घालून उभी आहे ते. हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं म्हणजे दोन वेगवेगळी कामं असतात आणि आपण ती एकच समजतो.

पहिलं काम कॅसेटवरून उतरवून घेण्याचं. इथे एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. कॉम्प्युटर जुना असो की नवा, कॅसेट आपल्याच चालीने फिरणार. दुसरं काम एन्कोडिंग, म्हणजे उतरवलेल्या अवाढव्य फाइलची बहिणीला, भाच्याला पाठवता येईल अशी आटोपशीर फाइल करणं. कॉम्प्युटर हळू आहे ही तक्रार या दुसऱ्या कामाची आहे.

घाई मात्र पहिल्या कामाची आहे. टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक जुना होतोच, पण त्याआधी ती वाजवणारी यंत्रं संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिने २०१६ च्या जुलैअखेर उत्पादन थांबवलं. मिनी-डीव्हीचा कॅमकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायची फायरवायर ही तार नव्या मशीनवर जवळजवळ दिसत नाही. अ‍ॅपलने तर २०२५ च्या मॅकओएस २६ मधून फायरवायरचा आधारच काढून टाकला. म्हणजे गंमत बघा, जो जुना कॉम्प्युटर तुम्ही रिसायकलिंगला द्यायला निघालात, त्याच्या पाठीमागे कदाचित घरातलं शेवटचं फायरवायरचं भोक आहे. ते एकदा बघून घ्या आणि मगच मशीनचं काय करायचं ते ठरवा.

तर क्रम असा: आधी सगळ्या कॅसेटी उतरवून घ्या. मिनी-डीव्हीची एका तासाची फाइल साधारण १३ जीबीची होते. चाळीस कॅसेटी म्हणजे ५२० जीबी. आजच्या एक टीबीच्या डिस्कवर त्या आरामात मावतात. उतरवताना त्या मशीनवर दुसरं काही चालवू नका, नाहीतर मधल्या फ्रेम गळतात. आणि या मूळ फाइली पुसू नका. एन्कोडिंग आज करा, पुढच्या थँक्सगिव्हिंगला करा, मूळ फाइल हातात असेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करता येतं.

बॅग भरण्याची गोष्ट

एन्कोडिंगला इतका वेळ का लागतो? आपण भारतातून परत येताना बॅगा भरतो ते आठवा. २३ किलोच्या दोन बॅगा, आणि समोर आईने मांडलेलं दुकान! लोणच्याची बरणी इथे, भाजणी तिथे, चपलांच्या आत मोजे, मग वजन, मग परत सगळं बाहेर. सामान तेवढंच असतं, वेळ जातो तो रचून बघण्यात.

एन्कोडर हेच करतो. मिनी-डीव्हीत प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, स्वतंत्र साठवलेली असते. २००३ साली आलेला एच.२६४ हा प्रकार मात्र शेजारच्या फ्रेमशी तुलना करतो. मागची भिंत हलली नाही ना, मग ती परत लिहायची नाही. हात हलला, तर किती आणि कुठे हलला तेवढंच लिहायचं. ही तुलना किती खोल करायची ते 'प्रीसेट' नावाच्या सेटिंगने ठरतं. 'अल्ट्राफास्ट' म्हणजे सगळं कोंबून चेन ओढली. 'व्हेरी स्लो' म्हणजे आईच्या देखरेखीखाली भरलेली बॅग. त्याच्याही पलीकडे एक प्रीसेट आहे, त्याचं नावच 'प्लसीबो' ठेवलंय! औषध घेतल्याचं समाधान, गुण मात्र फारसा नाही. करणाऱ्यांनीच इतक्या प्रामाणिकपणे सांगितलंय तर त्यांचं ऐकावं.

आता थोडं गणित. अमेरिकेतल्या एनटीएससी कॅसेटमध्ये सेकंदाला जवळपास ३० फ्रेम, म्हणजे तासाला सुमारे १ लाख ८ हजार. भारतातल्या पाल कॅसेटमध्ये सेकंदाला २५, म्हणजे तासाला ९० हजार. एन्कोडिंग चालू असताना पडद्यावर 'एफपीएस' असा आकडा दिसतो, सेकंदाला किती फ्रेम होताहेत तो. १ लाख ८ हजाराला त्या आकड्याने भागलं की किती सेकंद लागणार ते कळलं. आकडा १० असेल तर तीन तास, ५ असेल तर सहा. हा आकडा म्हणजे आपली नाडी.

पंधरा तासांचं निदान

आपल्या मंडळातल्या एका काकांकडे मी गेलो होतो. २०१० च्या सुमाराचा डेस्कटॉप, हँडब्रेक हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि मुलीच्या अरंगेत्रमची कॅसेट. आकडा होता २. म्हणजे एका तासाच्या कॅसेटला पंधरा तास. काका म्हणाले, "मशीन म्हातारं झालं रे." काकू म्हणाल्या, "मशीनच का?" असो.

आम्ही एका वेळी एकच सेटिंग बदलायचं ठरवलं. दर वेळी पाच मिनिटांचा तुकडा चालवायचा, आकडा कागदावर लिहायचा. तीन सेटिंग एकदम बदलली की कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

पहिला चोर सापडला तो चित्राचा आकार. घरचा टीव्ही मोठा, म्हणून काकांनी चित्र वाढवून १९२० बाय १०८० केलं होतं. मूळ कॅसेटचं चित्र ७२० बाय ४८०. गुणाकार करून बघा, बरोबर सहापट ठिपके! आणि कॅसेटमध्ये जे टिपलंच नाही ते वाढवलेल्या चित्रात कुठून येणार? वरणात पाणी घातलं म्हणून डाळ वाढत नाही. मोठं करून दाखवायचं काम टीव्ही स्वतःच करतो. आकार मूळचा ठेवला आणि आकडा २ वरून ९ वर गेला.

दुसरा चोर म्हणजे मुंग्या काढणारा फिल्टर. जुन्या टेपवर बारीक मुंग्या असतात, त्या पुसायला काकांनी सगळ्यात जड फिल्टर लावला होता. तो प्रत्येक ठिपक्यासाठी आजूबाजूच्या मोठ्या भागात साम्य शोधत बसतो. तो बंद केला, आकडा २०. मुंग्या खूपच असतील तर हलका फिल्टर वापरा, तेवढा पुरतो.

तिसरं प्रीसेट. 'स्लो'वरून 'मीडियम'वर आणलं, आकडा ४०. पंधरा तासांचं काम पाऊण तासावर आलं. मशीन तेच, काका तेच, नवीन खर्च शून्य. फाइल किंचित मोठी झाली, पण चित्रात फरक आम्हा तिघांनाही दाखवता आला नाही.

एक फिल्टर मात्र आम्ही काढला नाही. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र आधी विषम ओळी, मग सम ओळी असं दोन हप्त्यांत टिपलेलं असतं. कॉम्प्युटरवर त्यामुळे हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. ते घालवायला डी-इंटरलेस लागतंच, नृत्यात तर फारच. फक्त त्यातला 'बॉब' हा पर्याय घेतला तर हालचाल अधिक सफाईदार दिसते, पण फ्रेम दुप्पट होतात आणि वेळही तसाच वाढतो. घ्यायचा असेल तर हे माहीत असून घ्या.

आणखी दोन गोष्टी आपल्या लोकांसाठी खास. भारतातून आलेली पाल कॅसेट २५ फ्रेमचीच ठेवा. पूर्वी इथल्या डीव्हीडी प्लेअरसाठी ती ३० ची करावी लागे. कॉम्प्युटरला आणि फोनला २५ चालतात. उगाच बदललं तर काम वाढतं आणि नवरा-नवरी सप्तपदी अडखळत चालल्यासारखे दिसतात. दुसरं, २०१३ चा एच.२६५ आणि २०१८ चा एव्ही१ हे नवे प्रकार फाइल लहान करतात खरे, पण जुन्या प्रोसेसरवर ते एच.२६४ पेक्षा कितीतरी हळू चालतात. घरगुती कॅसेटला एच.२६४ उत्तम. तासाला एक-दोन जीबी होते आणि सांगलीच्या मामाच्या जुन्या फोनवरही चालते.

मशीनचंच दुखणं असेल तर

सेटिंग सगळी बरोबर, तरी आकडा कमी? मग टास्क मॅनेजर उघडा. मॅकवर त्याला अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर म्हणतात.

प्रोसेसर ९०-१०० टक्के दिसला तर घाबरू नका, गडी मन लावून काम करतोय. पण सुरुवातीला आकडा चांगला आणि दहा-पंधरा मिनिटांनी घसरला, तर तो ताप आहे. प्रोसेसर गरम झाला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन बंद करून, प्लग काढून, आतली धूळ कॉम्प्रेस्ड एअरने उडवा. लॅपटॉप गादीवर किंवा दुलईवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या. आणि चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर बरेच लॅपटॉप आपणहून मंद होतात.

प्रोसेसर २०-३० टक्के आणि डिस्क मात्र १०० टक्के, असं दिसलं तर प्रकरण वेगळं. एका तासाच्या १३ जीबी म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या आसपास वाचायचं असतं. जुन्या यूएसबी २ ची डिस्कसुद्धा सेकंदाला ३० एमबीच्या आसपास देते. मग ती दमली कशाने? एकतर मेमरी कमी पडून मशीन डिस्कलाच मेमरी म्हणून वापरतंय. ब्राउझरचे पस्तीस टॅब बंद करा. किंवा अँटिव्हायरस तीच फाइल चाळत बसलाय. दोन्ही नसेल, तर डिस्कच आजारी असू शकते. अशा वेळी एन्कोडिंग ताबडतोब थांबवा आणि सगळ्यात आधी मूळ फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या.

एवढं करूनही नवं काही घ्यायचंच असेल, तर फक्त एन्कोडिंगसाठी जास्त मेमरी किंवा एसएसडी घेऊन सहसा फरक पडत नाही. फरक पडतो प्रोसेसरने. २०११ पासूनच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची खास सोय आहे, ती चालू केली तर वेग खूप वाढतो. त्याच दर्जाला फाइल थोडी मोठी होते, एवढंच.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेकांनी जुनी मशीन्स बाजूला काढली आहेत. बँकेची कामं त्यांवर करू नका, हे बरोबर. पण इंटरनेटची तार काढून, कोपऱ्यात ठेवून, रात्री झोपताना पाच कॅसेटी रांगेत लावून द्यायला ते मशीन झकास आहे. त्याला कुठे सकाळी ऑफिसला जायचंय!

शेवटचं काम

फाइल झाली की तिला 'टेप ७' असं नाव ठेवू नका. साल, प्रसंग, गाव लिहा. मूळ फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि एक तिसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा भारतात.

आणि एक काम कुठल्याही प्रोसेसरला जमणार नाही. त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये हिरव्या शालूतल्या कोण, मांडवात रुसून बसलेले कोण, पंगतीत आग्रह करताहेत ते कोण, हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. छोटी फाइल झाली की ती त्यांना पाठवा, रविवारी सकाळी फोन लावा आणि दोघांनी मिळून बघा. ते नावं सांगतील तशी लिहून घ्या आणि तो कागद टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आपल्या मुलांना तो व्हिडिओ दिसेल खरा, पण त्या कागदाशिवाय ती सगळी माणसं त्यांना अनोळखीच राहतील.

फायरवायरची एक तार आणि एक चालू स्थितीतला कॅमकॉर्डर माझ्याकडे आहे. ज्यांना हवा त्यांनी नेऊन परत आणून द्यावा. परत आणून द्यावा, हे दोनदा सांगतो!

वडे गरम आहेत.