काय ठरलं? : लांब इंग्रजी संभाषण ऐकण्याविषयी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आपल्याला फार लहान वाटेल. शिक्षणाचे महत्त्व आणि समाजाची प्रगती यांवर बोलणारे वक्ते आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगले बोलतात. मी आज फक्त कानाविषयी बोलणार आहे. परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आपली मुले-मुली इंग्रजीची जी परीक्षा देतात, तिच्यात एक भाग ऐकण्याचा असतो. त्या भागातील लांब संभाषणापाशी आपली चांगली वाचणारी, शुद्ध लिहिणारी मुले अडतात. का अडतात आणि त्यावर घरच्या घरी काय करता येईल, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम हे किती महाग पडते ते पाहू. आयईएलटीएस परीक्षेचे शुल्क आज अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. गुणपत्रक दोन वर्षांपुरतेच ग्राह्य धरतात. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल श्रवणात ७ बँड मागते. श्रवणाचे प्रश्न ४०. त्यांपैकी साधारण ३० बरोबर आले म्हणजे ७ बँड होतो आणि २८ आले तर साडेसहा. फरक दोन प्रश्नांचा, पण त्या दोन प्रश्नांसाठी पुन्हा शुल्क, पुन्हा मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, आणि घरात 'एवढं शिकवलं तरी जमलं नाही' हे बोलणे. काही घरांत या परीक्षेसाठी सोन्याची बांगडी गहाण पडलेली आहे, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून विषय लहान असला तरी मला तो हलका वाटत नाही.

आता परीक्षेची घडण. ध्वनिफीत सुमारे तीस मिनिटांची असते आणि ती एकदाच ऐकवतात. चार भाग असतात, प्रत्येकी दहा प्रश्नांचे. पहिल्या भागात दोन माणसांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे असते. खोली भाड्याने घेणे, वर्गात नाव नोंदवणे, असे. दुसऱ्यात एकच माणूस माहिती देतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक मिळून अभ्यासाविषयी चर्चा करतात. बोलणारे कधी दोन, कधी तीन, कधी चारही असतात. चौथा भाग व्याख्यानाचा. आपली मुले चौथ्या भागाला घाबरतात, पण माझ्या पाहण्यात खरे गुण तिसऱ्यातच गळतात. व्याख्यान देणारा सरळ रेषेत जातो. चर्चा करणारी माणसे पुढे जातात, मागे येतात, मत बदलतात.

एक नमुना मी स्वतः रचून सांगतो. दोन विद्यार्थी आणि त्यांच्या प्राध्यापिका एका पाहणीविषयी बोलत आहेत. प्रश्न असा की, पाहणी कोठे करायचे ठरले? पर्याय तीन: पुस्तके असतात ती जागा, लोक खातात ती जागा, लोक वाहनाची वाट पाहतात ती जागा. फीत सुरू होते. मुलगी म्हणते, लायब्ररीत करू या. मुलगा म्हणतो, 'दॅट्स अ गुड आयडिया, बट' तिथे कोणी बोलायला तयार होणार नाही, त्यापेक्षा कँटीन बरी. प्राध्यापिका म्हणतात, मागच्या वर्षीच्या मुलांनी कँटीनच घेतली होती आणि घाईघाईची उत्तरे मिळाली. लोक जिथे नुसते उभे असतात अशी जागा का घेत नाही? मुलगी म्हणते, म्हणजे बस स्टॉप? आणि मुलगा म्हणतो, 'फेअर इनफ'. संपले. उत्तर तिसरे.

यात तिन्ही जागांचा उल्लेख कानावर आला. ज्याला वर्गात 'प्रश्नातला शब्द ऐकू आला की लगेच खूण कर' असे शिकवले आहे, त्याने लायब्ररी ऐकताच खूण केली आणि निश्चिंत झाला. अशा युक्त्या पैसे घेऊन शिकवणारे वर्ग आहेत. त्यांची नावे मला घ्यायची नाहीत. पण परीक्षा तयार करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते, म्हणूनच चुकीचे पर्यायही ते संभाषणात मुद्दाम पेरतात. उलट बरोबर उत्तराचा शब्द मात्र प्रश्नपत्रिकेत जसाच्या तसा सहसा नसतो. प्रश्नात 'कॉस्ट' असेल तर बोलणारा म्हणेल, मला ते परवडले नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? घरात निकाहाची तारीख ठरत असते. मामू म्हणतात रविवार, चाचा म्हणतात रविवारी हॉल मिळणार नाही, फूफी म्हणते शनिवारी तिच्या मुलाला सुट्टी नाही, आणि शेवटी दादी एक वाक्य बोलते आणि गुरुवार पक्का होतो. शेजारच्या खोलीत भांडी लावणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला विचारा, 'काय ठरलं?' ती 'गुरुवार' सांगते, 'रविवार' नाही. शब्द मोजत न बसता कोण काय सुचवतो, कोण मोडता घालतो आणि कोणाच्या बोलण्यावर विषय मिटतो, हे ती ऐकत असते. ही विद्या आपल्या मुलांजवळ आहे. इंग्रजी ऐकताना ती बाजूला पडते आणि मुले शब्द वेचायला लागतात.

इंग्रजीत अडचण एवढीच की नकार फार मऊ असतो. आपल्याकडे 'छे, ते नको' म्हणतात. तिथे 'आय ॲम नॉट सो शुअर अबाउट दॅट' म्हणतात, आणि त्याचा अर्थ बहुधा नकोच असतो. 'आय सपोज सो' हा होकार असतो, पण मनापासूनचा नसतो. 'ॲक्च्युअली' आले की आधीचे विधान बदलणार, असे समजून सावध व्हावे. 'बट' आले की आधीची स्तुती विसरावी. असे वीस-पंचवीस शब्दप्रयोग विद्यार्थ्याने वहीत लिहून त्यांचा रंग ओळखायला शिकावे. नुसत्या अर्थाच्या पाठांतराने भागत नाही.

दुसरी अडचण खुद्द कानाची आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मराठीत काय आणि उर्दूत काय, आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ त्याचा पूर्ण वाटा देतो. इंग्रज माणूस वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे गिळतो. 'कॅन' हा शब्द वाक्याच्या मध्ये आला की 'कन' इतकाच उरतो, आणि 'कान्ट' मात्र ठसठशीत येतो. 'थर्टी'त जोर आरंभी असतो, 'थर्टीन'मध्ये शेवट लांबतो. आपला विद्यार्थी प्रत्येक शब्द सुटा ऐकू येण्याची वाट पाहतो आणि तोवर वाक्य निघून जाते. पहिल्या भागात नावे अक्षर-अक्षर करून सांगतात, तिथेही असेच होते. 'ई' ऐकल्यावर आपला हात आपल्या सवयीने 'आय' हे अक्षर लिहितो. अमेरिकन माणूस झेडला 'झी' म्हणतो आणि आपण 'जी' लिहून मोकळे. इथे स्पेलिंग चुकले की तो गुण गेला. तारखा आणि आकडे सांगतानाही बोलणारा स्वतःची दुरुस्ती करतो, 'फिफ्टीन, नो, सॉरी, सिक्स्टीन', म्हणून लिहिल्यावर पेन्सिल लगेच उचलू नये.

हे सर्व पाठ करून येत नाही. त्याला रोजचा सराव लागतो, पण तो तासन्‌तास नको. बीबीसीच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश' या कार्यक्रमात दोघे जण सहा मिनिटे एका विषयावर बोलतात. तो फुकट ऐकता येतो आणि त्याचा लिखित मजकूरही मिळतो. विद्यार्थ्याने तो एकदा न थांबवता ऐकावा, मजकूर न पाहता. मग घरातल्या कोणाला तरी आपल्या भाषेत सांगावे: कोण काय म्हणाले, कुठे मतभेद झाला, शेवटी काय ठरले. त्यानंतर पुन्हा ऐकावा. मगच मजकूर उघडावा आणि कान जिथे चुकला तिथे खूण करावी. आता महत्त्वाचे. प्रत्येक खुणेपाशी विचारावे की, हा शब्द मला माहीतच नव्हता, की माहीत होता पण ऐकू आला नाही? वहीत दोन रकाने करावेत. पहिल्या रकान्याला शब्दसंग्रह हे औषध आहे, दुसऱ्याला तेच वाक्य दहा वेळा ऐकून तोंडाने तसेच म्हणणे हे औषध आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत दुसरा रकाना जवळजवळ नेहमी मोठा निघतो, आणि ती मुले मात्र शब्दांच्या याद्या पाठ करीत बसलेली असतात.

पालकांना मला येथेच विनंती करायची आहे. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' असे अम्मी आणि अब्बा मला नेहमी विचारतात. या कामाला इंग्रजी लागत नाही. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे मुलीला विचारा, आज काय ऐकलंस, कोण बोलत होतं, काय ठरलं? ती अडखळली, गोष्ट जुळली नाही, तर तिला स्वतःलाच कळते की आपण शब्द ऐकले, बोलणे ऐकले नाही. मार्कांची चौकशी मात्र रोज करू नका. कान तयार व्हायला महिने लागतात आणि मधले काही आठवडे काहीच वाढ दिसत नाही. तेवढ्यात धीर सोडून 'तारीख घेऊन टाकू, होईल ते होईल' असे करण्यातच अठरा हजार जातात.

पडद्यावर खालची अक्षरे वाचत इंग्रजी चित्रपट पाहणे हा सराव नव्हे, हेही सांगून टाकतो. तिथे डोळा काम करतो आणि कान झोपतो. करमणूक म्हणून खुशाल पाहावे.

प्रत्यक्ष परीक्षेत फीत सुरू होण्यापूर्वी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. त्या वेळात बोलणारे कोण असतील, रिकाम्या जागेत नाव येईल की आकडा, एकवचन की अनेकवचन, दोन शब्दांची मर्यादा आहे का, हे पाहून घ्यावे. उत्तरे प्रश्नांच्या क्रमाने येतात. म्हणून नजर एका प्रश्नावर न ठेवता दोन प्रश्नांवर ठेवावी. दुसऱ्याचा विषय निघाला म्हणजे पहिल्याचे उत्तर निघून गेले. निघून गेले तर जाऊ द्यावे. एका उत्तरासाठी हळहळणारा विद्यार्थी पुढची तीन घालवतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी एकही जागा कोरी ठेवू नये.

ओईटी देणाऱ्या परिचारिका भगिनींसाठी दोन शब्द. तिथे ४२ पैकी २४ प्रश्न पहिल्याच भागात असतात: रुग्ण आणि तपासणाऱ्याचे सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद, आणि आपण टिपणे पुरी करायची. ज्यांनी वॉर्डात काम केले आहे त्यांना हे सोपे जाते, कारण रुग्ण तक्रार सांगताना कसा भरकटतो हे त्यांना माहीत असते. टोफेल देणाऱ्यांनी मात्र जुनी पुस्तके विकत घेऊ नयेत; जानेवारी २०२६ पासून त्या परीक्षेचे स्वरूप बदलले आहे. आयईएलटीएसच्या जुन्या पुस्तकांतही उत्तरे उतरवायला शेवटी दहा मिनिटे मिळतात असे छापलेले आढळेल. ते कागदावरच्या परीक्षेचे झाले. संगणकावर उत्तर ऐकता ऐकताच टंकायचे असते आणि शेवटी तपासायला फक्त दोन मिनिटे मिळतात. तेव्हा घरचा सरावही कळफलकावर, हेडफोन लावून आणि न थांबवता करावा. केंद्रावर आवाज कमी वाटला किंवा हेडफोनच्या एका बाजूने ऐकू येत नसेल, तर आवाजाची चाचणी चालू असतानाच हात वर करून सांगावे. फीत संपल्यावर केलेल्या तक्रारीने निघून गेलेले संभाषण परत ऐकायला मिळत नाही.