हात न लावता ओळखायचा दगड



मुरगावकरांना दगडाचे नवल नाही. डिचोलीकडचे लोहखनिज बार्जमधून येऊन आपल्या बंदरात जहाजांवर चढताना आपण पाहिले आहे. ते ओळखणेही सोपे. फरशीच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासा. हेमेटाइटची रेघ तांबडी उमटते, गोएथाइटची पिवळट तपकिरी. दगड म्हणजे घासावा, धुवावा, ही सवय इथलीच. त्या सवयीपायी आम्ही एक सुंदर वस्तू गमावली.

एका मे महिन्यात पुण्याला गेलो असता नात्यातल्या एका काकांनी आम्हाला काळ्या दगडाचा तुकडा दिला. त्याच्या पोकळीत सावरीच्या कापसाचे बोराएवढे गोळे बसवल्यासारखे दिसत होते. घरी आल्यावर धूळ दिसली म्हणून आम्ही तो नळाखाली धरला. तंतू एकमेकांना चिकटले, वाळल्यावर मळकट लगदा उरला.

ते खनिज होते ऑकेनाइट. १८२८ साली ग्रीनलँडच्या डिस्को बेटावरच्या नमुन्यावरून फॉन कोबेल यांनी त्याचे वर्णन केले आणि जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लोरेन्झ ओकेन यांचे नाव त्याला दिले. पण कापसाच्या गोळ्यांसाठी जगभरचे संग्राहक नाव घेतात ते मुंबई, पुणे, नाशिक परिसरातल्या खाणींचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजयुक्त गरम पाणी झिरपून त्यांत हे तंतू वाढले.

पेडणे-डिचोलीत मात्र ते शोधू नका. तिथले खडक कितीतरी जुने आणि वेगळे. दख्खनचा काळा पाषाण गोव्याच्या ईशान्य कोपऱ्याला जेमतेम स्पर्श करतो.

घाटावर गेलात तर आधी खाणमालकाची परवानगी घ्या. सुरुंग लावलेल्या कड्याखाली आणि पावसात जाऊ नका. फोडून पडलेल्या दगडांत पोकळ्यांची भोके असलेला दगड पाहा. पोकळीत हिरवट द्राक्षांच्या घडासारखे प्रेहनाइट किंवा गोल चकत्यांचे गायरोलाइट दिसले, तर जवळच ऑकेनाइट असू शकते. मेसोलाइट आणि स्कोलेसाइटही पांढरे, तंतुमय असतात. पण त्यांच्या सुया ताठ, काचेसारख्या चमकतात. ऑकेनाइटचे तंतू मऊ आणि मंद झळाळीचे. भिंगातून पाहा, बोट लावू नका. दाबलेला गोळा पुन्हा फुलत नाही.

घरी आणताना कापसात किंवा कागदात गुंडाळू नका. दगडाचा तळ डब्यात घट्ट बसवा, गोळ्यांना काहीच टेकू देऊ नका. धूळ कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हलकेच उडवा. आणि बाजारात निळे, गुलाबी गोळे दिसले तर समजा, रंग दिलेला आहे. खरा पांढराच असतो.

काका आता नाहीत. त्यांनी तो दगड जिथून उचलला, ती खाण बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या आहेत. खाण चालू असते तोवरच अशा पोकळ्या उघड्या पडतात, आणि कुणी वेळीच उचलले नाही तर तो दगडही खडीत जातो. म्हणून सांगतो, गावाकडच्या कपाटात असा एखादा दगड पडून असेल तर त्याला डबा करा. मुलांना दाखवा, पण हात मागे बांधायला सांगून.

गणपती बाप्पा मोरया!