नवें घर आणि हिवाळ्याची ऊब

घर बांधावयास निघालेला गृहस्थ खोल्या किती, दार कोणत्या दिशेस, फरशी कोणती, याचा विचार पुष्कळ करतो. परंतु पौष-माघांतील रात्रीं त्या घरांत ऊब कशी टिकेल, हा प्रश्न सहसा त्याच्या मनांत येत नाहीं. मग पहिल्याच हिवाळ्यांत विजेची शेगडी घरांत येते. दोन हजार वॅटची शेगडी रोज पांच तास सतत पेटविली, तर दहा युनिटें म्हणजे महिन्यास तीनशें युनिटें वीज जळते. बांधतांना न केलेल्या विचाराचा हा दंड वर्षानुवर्षें भरावा लागतो. कोणी बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून हा खर्च वांचवूं पाहतो. पण तिच्या विषारी वायूनें झोपेंतच प्राण जाण्याचें भय असतें.

परभणी जिल्ह्यांतील पालमकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां येथें थंडी ती कसली, असें परक्यास वाटेल. परंतु डिसेंबर-जानेवारींत तोच पारा १० अंशांखालीं उतरतो, आणि राज्यांतील अति थंड ठिकाणांत परभणीचें नांव वारंवार येतें. म्हणून येथील घरास दोन्ही ऋतु सोसावे लागतात.

जुन्या लोकांनीं हें ओळखूनच माळवदें बांधलीं. रुंद भिंती, लांकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती दिवसाची उष्णता सावकाश घेते व रात्रीं सावकाश सोडते. त्यामुळें तें घर उन्हाळ्यांत गार व हिवाळ्यांत उबदार राही.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत चिखलांत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या, मातीचीं जड छतें निजलेल्यांवर कोसळलीं आणि हजारों माणसें गेलीं. मराठवाड्याचा मातीवरील विश्वास उडाला. त्या जागीं सिमेंटचा स्लॅब व पत्रा आला. पत्रा तर सूर्यास्तानंतर लवकरच थंड पडतो, आणि उघडा स्लॅब दुपारीं तापून रात्रीं खोली उकडवितो, हिवाळ्यांत पहाटे गारठवितो. तेव्हां माळवदाचा गुण घ्यावा, त्याचें ओझें मात्र घेऊं नये, हाच मार्ग उरतो.

पहिली गोष्ट दिशेची. पालमला डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारींही सूर्य दक्षिणेस कलून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. मे महिन्यांत तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून बसण्या-उठण्याच्या खोलीस दक्षिणेकडे चार फुटी खिडकी व तिच्यावर दीड फुटाचा छज्जा ठेवावा. हिवाळ्यांत खिडकीच्या निम्म्याहून अधिक भागांतून ऊन आंत येऊन शहाबादी फरशी तापवील. मार्चच्या अखेरीपासून तीच खिडकी भरदुपारीं सावलींत राहील. पश्चिमेस मात्र खिडक्या थोड्या व लहान असाव्यात.

दुसरी गोष्ट भिंतीची. विटा उभ्या बसवून भिंतीच्या पोटांत पोकळी ठेवण्याची रीत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं केरळांत रूढ केली. त्या पोकळींतील स्थिर हवा उष्णतेस अडविते आणि विटाही सुमारे चतुर्थांश कमी लागतात. भूकंपासाठीं जोत्यावर, दारांच्या डोक्यावर आणि छताखालीं सळयांसह काँक्रीटचा अखंड पट्टा सर्व भिंतींवरून फिरवावा, आणि कोपऱ्यांतील पोकळ्यांत उभ्या सळया घालाव्या.

तिसरी गोष्ट छताची. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा. उन्हाळ्यापूर्वीं त्यावर चुन्याची सफेती द्यावी. पावसांत ती बरीचशी धुऊन जाते, म्हणून हिवाळ्यांतील उन्हास तिचा फारसा अडथळा होत नाहीं. शेवटीं दारा-खिडक्यांच्या फटी नीट बुजवाव्या.

यांतील छज्जा व खिडकी कागदावर असतांना हलविण्यास कांहींच खर्च येत नाहीं; भिंत उभी राहिल्यावर तेंच काम महाग पडतें. म्हणून गवंड्यास इसार देण्यापूर्वीं गृहस्थानें पौषांतील एका दुपारीं आपल्या मोकळ्या जागेवर उभें राहून ऊन कोठून येतें, तें पाहून ठेवावें.